यंत्रमाग कारखान्यातला आगीचा धोका कसा तपासावा आणि कसा कमी करावा

तपासणीसाठी दुपार नको, रात्री अकरा वाजता जा. शटर खाली, सुताचे खोके दाराशी आणि पोटमाळ्यावर झोपलेले कामगार, हे चित्र दिवसा दिसत नाही. मे 2025 मध्ये सोलापूरच्या अक्कलकोट रस्ता एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला पहाटे लागलेल्या आगीत आठ जणांचा जीव गेला. आत राहणारी माणसं बाहेर पडू शकली नव्हती. म्हणून आधी वाट, मग बाकीचं.

झोपायच्या जागेपासून दिवे बंद करून दारापर्यंत चालून पाहा. पाय कुठे अडखळतो ते खडूनं फरशीवर लिहून ठेवा. दार किमान 1 मीटर रुंद, 2 मीटर उंच हवं आणि बाहेरच्या बाजूला उघडायला हवं. शटरला बाहेर पडायचं दार समजू नका. मोटरचं शटर वीज गेल्यावर जागचं हलत नाही आणि हाताची साखळी कुठे आहे हे बहुतेकदा एकट्या मालकाला माहीत असतं. दुसरं दार पहिल्याच्या समोरच्या बाजूला हवं, शेजारी असून उपयोग नाही. खिडकीला जाळी असेल तर निदान एक तरी आतून, किल्लीशिवाय उघडणारी ठेवा. कारखान्यात झोपणं बंद करणं हाच खरा उपाय आहे. ते होईपर्यंत झोपायच्या जागी आणि खाली मागांच्या खोलीत धुराचे अलार्म लावा.

आता शिडी घ्या. ट्यूबलाइटची पट्टी, पत्र्याखालचे अँगल, विजेच्या पॅनेलचा माथा यांवर बोट फिरवा. करड्या लोकरीसारखा थर बोटाला लागला तर साफसफाई कमी पडते आहे. मागावर पडलेली ठिणगी एकाच मागावर थांबत नाही, ती या थरावरून छताच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळते. कॉम्प्रेसरच्या हवेनं कापूस उडवला की तो हवेत तरंगून पुन्हा वरच बसतो. माग आणि त्यांचा मेन स्विच बंद करून व्हॅक्यूमनं किंवा झाडूनं वरून खाली स्वच्छता करा, निदान आठवड्यातून एकदा. मोटरच्या मागची जाळी रोज मोकळी करा, ती तुंबली की मोटर तापते. पॅनेलसमोर 1 मीटर जागा रिकामी ठेवा. तेलकट चिंध्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका.

विजेचा भार मे महिन्यात, दुपारी, सगळे माग आणि कूलर चालू असताना मोजायचा. इलेक्ट्रिशियननं टाँग टेस्टरनं (वायरभोवती चिमट्यासारखा लावायचा मीटर) प्रत्येक फेजचा अँपिअर लिहून घ्यावा. एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) वारंवार पडते म्हणून मोठी बसवून घेणं ही नेहमीची चूक. त्यानंतर वायरच फ्यूजचं काम करते. मागांच्या हादऱ्यानं टर्मिनलचे स्क्रू सैल होतात, जोड तापतो, इन्सुलेशन आधी तपकिरी आणि मग ठिसूळ होतं. वीज पूर्ण बंद करून हे स्क्रू दर तीन महिन्यांनी आवळून घ्या.

आग विझवण्याची साधनं अशी ठेवा की कुठूनही 15 मीटरच्या आत चालून पोचता येईल. मागांजवळ 6 किलोचं एबीसी पावडर (कापड, तेल, गॅस अशा आगींवर चालणारी कोरडी पावडर), पॅनेलपासून जरा दूर, दाराकडे 4.5 किलोचं सीओटू (कार्बन डायऑक्साइड). पावडरनं ज्वाळा विझते, पण कापसाच्या गाठीच्या पोटात निखारा धुमसत राहतो आणि थोड्या वेळानं पुन्हा पेट घेतो. ती गाठ बाहेर ओढून, फोडून पाण्यानं भिजवावी लागते, त्यासाठी 200 लिटरचा पाण्याचा ड्रम आणि बादल्या दाराबाहेर भरून ठेवा. चालू पॅनेलवर मात्र पाणी कधीच नाही. पावडरच्या सिलिंडरचा काटा हिरव्यात आहे का पाहा. सीओटूला काटा नसतो, तो वजन करून तपासतात. आतला गॅस 10 टक्क्यांपेक्षा जास्त घटला असेल तर भरून घ्या.

महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून फॉर्म बी (आगीची साधनं चालू स्थितीत असल्याचा दाखला) जानेवारी आणि जुलैत द्यायचा असतो. सही घेण्याआधी एजन्सीच्या माणसाला वर उल्लेखलेली शिडी चढायला लावा.

शेवटी पाळी बदलताना, दोन्ही पाळ्यांचे कामगार हजर असताना सराव करा. 101 ला फोन कोण करणार, मेन स्विच कोण पाडणार, माणसं कोण मोजणार, ही नावं दाराशेजारी भिंतीवर लिहा. जॉबर (मागांची देखरेख करणारा) सुटीवर असेल त्या दिवसासाठी दुसरं नावही लिहा.