फिनिश झालं, पण कम्प्लीट?

खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेतून दहावी, मग आयटीआयला टर्नर, एवढ्या शिदोरीवर मी बेळगावात उद्यमबागेतल्या एका मशीनशॉपला लागलो. लेथवर, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत कापायच्या मशीनवर, हात बसलेला होता. घोडं अडलं ते शिफ्टच्या वहीपाशी, कारण ती इंग्रजीत लिहायची.

दुसऱ्याच महिन्यात पंपाच्या ४० कास्टिंगांच्या (ओतीव भागांच्या) बोअरला, म्हणजे मधल्या गोल पोकळीला, शेवटचा फिनिश कट मारून मी वहीत लिहिलं, 'फॉर्टी नंबर्स कम्प्लीटेड'. प्रत्येक जॉबच्या, म्हणजे हातातल्या भागाच्या, चार भोकांना टॅप मारायचे, म्हणजे बोल्टसाठी आत आटे पाडायचे होते, पण ते दुसऱ्या मशीनचं काम. सकाळी वही वाचून सगळा माल डिस्पॅचला गेला. सुपरवायझर कन्नड बोलणारे. त्यांनी मला तिथं नेलं आणि खिशातला बोल्ट काढून एका भोकावर धरला. बोल्ट आत शिरेना. मग शांतपणे विचारलं, "मुगीतु खरे, पूर्ति आतेनु?" संपलं खरं, पण पुरं झालं का?

तो प्रश्न मी अजून विसरलेलो नाही. कम्प्लीट हा शब्द लॅटिनमधल्या 'भरून काढणे' या अर्थाच्या क्रियापदावरून आलाय. म्हणजे जॉबमध्ये काही उणं उरलेलं नसावं. फिनिशच्या मुळाशी आहे 'फिनिस', म्हणजे हद्द, सीमा. माझ्या कामाची हद्द आली, पुढचं दुसऱ्याकडे. एंड तर आपल्या 'अंत'च्याच कुळातला. तो नुसता शेवट सांगतो. शिफ्ट एंड होते तेव्हा जॉब लेथच्या चकमध्ये, म्हणजे पकडीत, अर्धाच असू शकतो.

मुलाखतीला येणारी आपली पोरं सांगतात, 'माय डिप्लोमा इज ओव्हर.' ऐकणाऱ्याला एवढंच कळतं की कॉलेजची वर्षं सरली. पास झालात का, हे कळत नाही. 'आय हॅव कम्प्लीटेड माय डिप्लोमा' म्हणा. एखादा विषय राहिला असेल तर मात्र हे वाक्य बोलू नका, गुणपत्रिका समोरच असते.

चहा, डबा फिनिश होतो. फॉर्म कम्प्लीट करायचा, म्हणजे एकही रकाना मोकळा ठेवायचा नाही. 'फिनिश्ड टू चेक' चुकीचं, 'फिनिश्ड चेकिंग' बरोबर. टार्गेट अचीव्ह करतात, अट फुलफिल करतात. हे दोन वापरानं आपोआप बसतात.

घाबरू नका, हा कान आपल्याला घरातूनच मिळालाय. धुणं उरकतं, जेवणं आटोपतात, लग्न पार पडतं, हाती घेतलेलं काम तडीस जातं. 'पोरीचं लग्न उरकलं' असं कुणी म्हटलं की आई लगेच विचारते, का गं, काय झालं? इंग्रजी शब्द लिहितानाही असंच जरा थांबा आणि या जॉबचं अजून काय राहिलंय ते बघा.

माझ्या वहीत आता अशी ओळ असते : 'बोअर फिनिश्ड, फॉर्टी. टॅपिंग पेंडिंग.'