मुक्काम कुठल्या भागात? बुकिंगआधी या चुका टाळा

मोठ्या शहराची तिकिटं निघाली की बहुतेक जण लगेच हॉटेलांची यादी उघडतात. दर कमीपासून जास्तपर्यंत लावतात, फोटो बघतात, रेटिंग बरं दिसलं की पैसे भरून मोकळे होतात. भाग कुठला, हे कळतं ते थेट विमानतळावर उतरल्यावर, पत्ता शोधताना. खोली वाईट निघाली तर बदलून मागता येते. भाग चुकला तर मुक्कामभर रोज सकाळ-संध्याकाळ त्याची किंमत मोजावी लागते. म्हणून आधी भाग, मग हॉटेल. हा क्रम उलटा झाला की पुढच्या चुका ठरलेल्याच.

किलोमीटरवर विश्वास ठेवणं

यादीत हॉटेलच्या नावाखाली 'केंद्रापासून ४ किमी' असं लिहिलेलं असतं. हा आकडा बहुधा सरळ रेषेत मोजलेला असतो. आणि 'केंद्र' म्हणजे त्या साइटने नकाशावर रोवलेली एक टाचणी. तुम्हाला जी ठिकाणं बघायची आहेत त्यांच्याशी तिचा काही संबंध असेलच असं नाही. शिवाय मधे नदी आहे, रेल्वेचं यार्ड आहे की चढ आहे, हे त्या आकड्यात कुठेच येत नाही.

इस्तंबूलमध्ये युरोपच्या बाजूचं एमिनोन्यू आणि आशियाच्या बाजूचं उस्कुदार नकाशावर समोरासमोर दिसतात, पण मधे बॉस्फरस आहे. फेरीबोटीने किंवा समुद्राखालून जाणाऱ्या मार्मराय रेल्वेने गेलात तर ठीक. टॅक्सीत बसलात तर पूल नाहीतर बोगदा गाठायचा, आणि कोंडीच्या वेळी किती वेळ लागेल हे कुणीच सांगू शकत नाही. लिस्बनच्या आल्फामात अर्धा किलोमीटर म्हणजे अरुंद गल्ल्या, दगडी पायऱ्या आणि छातीवरचा चढ. मोकळ्या हाताने चालायला सुंदर भाग आहे, पण वीस किलोची बॅग असेल तर तो अर्धा किलोमीटर संपता संपत नाही.

उलटही घडतं, आणि ते कुणी लक्षात घेत नाही. अ‍ॅमस्टरडॅमचा नोर्ड भाग पाण्यापलीकडे आहे म्हणून लोक तो लगेच बाद करतात. प्रत्यक्षात सेंट्रल स्टेशनच्या मागून फेरीबोट सुटते. ती फुकट आहे आणि काही मिनिटांत पलीकडे उतरवते. लंडनचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. तिथल्या पोस्टकोडमध्ये एसई१ नंतर एसई२ येतो म्हणून तो शेजारीच असेल असं नवख्याला वाटतं. पण १ सोडला तर पुढचे आकडे भागांच्या नावांच्या इंग्रजी वर्णानुक्रमाने दिलेले आहेत. अंतराशी त्यांचा संबंध नाही. एसई२ म्हणजे अ‍ॅबी वूड, शहराच्या आग्नेय टोकाला. तरीही २०२२ मध्ये सुरू झालेल्या एलिझाबेथ लाइनचं ते शेवटचं स्टेशन असल्यामुळे तिथून गाडीने शहराच्या मध्यात अर्ध्या तासाच्या आत पोहोचता येतं. म्हणजे पोस्टकोडही फसवतो आणि किलोमीटरही. खरा आकडा मिनिटांचाच.

मिनिटं मोजायची रीत सोपी आहे, फक्त अर्धा तास शांत बसायची तयारी हवी. नक्की बघायचीच अशी पाच-सहा ठिकाणं कागदावर लिहा. 'वेळ मिळाला तर' वाली नकोत. नकाशाच्या अ‍ॅपमध्ये हॉटेलचा पूर्ण पत्ता टाका आणि प्रत्येक ठिकाणासाठी सार्वजनिक वाहतुकीचा मार्ग काढा. निघायची वेळ कामाच्या दिवशी सकाळी साडेआठची ठेवा. 'आत्ता निघा' वर सोडली तर तुम्ही घरी बसून शोधताय त्या वेळची उत्तरं येतात. दोन्ही शहरांच्या घड्याळांत फरक असेल तर ती उत्तरं मध्यरात्रीचीही असू शकतात. मग परतीचा मार्ग रात्री साडेदहाचा काढा. जो आकडा येईल त्यात प्रत्येक गाडी बदलण्यामागे पाच ते सात मिनिटं वाढवा, कारण अ‍ॅप रोजच्या माणसाच्या वेगाने चालतं आणि तुम्ही पाट्या वाचत चालणार. हॉटेलच्या दारातून निघून ठिकाणाच्या फाटकापर्यंत ३५ मिनिटं आणि एकदाच गाडी बदल, ही मर्यादा धरा. सहापैकी चार ठिकाणं त्यात बसली तर भाग योग्य. तीनच बसली तर शेजारचा भाग बघा. दर कितीही मोहात पाडणारा असला तरी.

शहराचं नाव वाचून बुकिंग करणं

हॉटेलच्या नावात शहराचं नाव आहे म्हणून ते शहरात आहे असं नसतं. पॅरिसचं एक नेहमीचं उदाहरण घ्या. चार माणसांचं कुटुंब, जून महिना, चार रात्री, मधे तीन पूर्ण दिवस. हॉटेलच्या नावात ठळक 'पॅरिस', खोल्या मोठ्या, दर शहरातल्या हॉटेलांपेक्षा बराच कमी. पत्ता मात्र मार्न-ला-व्हालेचा, म्हणजे डिस्नेलँडच्या बाजूचा, शहराच्या मध्यापासून तीसेक किलोमीटर पूर्वेला. बुकिंग करताना कुणीतरी बघितलेलं असतं की तिथून आरईआर ए ही गाडी थेट पॅरिसमध्ये जाते आणि साधारण ४० मिनिटं घेते. ते खरंही आहे.

आता दिवस मांडून बघा. हॉटेलपासून स्टेशन १५ मिनिटं, गाडीची वाट ५, गाडी ४०, शातले-ले-हालला उतरून मेट्रो बदलायला आणि पुढे जायला आणखी १५. झाली सव्वा तासाची एक फेरी. नऊला निघालेलं कुटुंब सव्वादहाला पहिल्या रांगेत उभं राहतं. दुपारी मुलं पेंगतात, आजींचे पाय दुखतात, पण तासभर आडवं व्हायला परत जावं तर अडीच तास प्रवासातच जातात. म्हणून सगळे बाकांवर बसून राहतात. आयफेल टॉवर अंधार पडल्यावर दर तासाला पाच मिनिटं चमचमतो, तो बघायचा असतोच. जूनमध्ये तिथे सूर्य मावळतो जवळजवळ दहाला, म्हणजे अकराशिवाय ते दृश्य नीट दिसत नाही. मग बॅगा, पेंगलेली मुलं आणि सव्वा तासाचा परतीचा प्रवास. खोलीत पोहोचेपर्यंत साडेबारा वाजतात. दुसऱ्या दिवशी नऊला कोण निघणार? साडेदहा होतात. तिसऱ्या दिवशी संध्याकाळचा बेतच रद्द होतो.

रोज अडीच तास धरले तर तीन दिवसांत साडेसात तास गाडीत गेले. हॉटेल २५ मिनिटांवर असतं तर अडीच तासच गेले असते. पाच तास म्हणजे शहरातला जवळजवळ अर्धा दिवस, तोही दुपारची विश्रांती आणि दोन संध्याकाळी गमावून. वाचलेले पैसे या हिशेबात मांडले तर ते वाचले असं म्हणता येत नाही. डिस्नेलँडच बघायला निघालेल्यांसाठी हाच भाग उत्तम आहे, हेही सांगायला हवं. भाग वाईट नसतो, तो तुमच्या यादीला जुळत नाही.

पॅरिसपुरता यावर अगदी सोपा उपाय आहे. पिनकोड बघा. ७५ ने सुरू होत असेल तर पत्ता शहरातला, आणि शेवटचे दोन आकडे म्हणजे वीस प्रभागांपैकी कितवा. ७५००५ म्हणजे पाचवा. हे प्रभाग मध्यापासून गोगलगाईच्या शंखासारखे घड्याळाच्या दिशेने बाहेर जातात, त्यामुळे लहान आकडा बहुधा मध्याजवळचा. ९२, ९३, ९४ ने सुरू होणारे पत्ते शहराच्या हद्दीबाहेरचे आणि ७७ तर आणखी लांबचे. हद्दीबाहेर सगळंच टाकाऊ असं नाही, मेट्रोच्या काही लाइन तिथवर जातात. पण तो निर्णय माहीत असून घेतलेला असावा. इतर शहरांतही निदान एवढं करा: नाव बाजूला ठेवा, पूर्ण पत्ता कॉपी करा, नकाशात टाका.

घरगुती राहण्याच्या जागा देणाऱ्या साइटवर बुकिंगआधी बहुधा नेमका पत्ता दिसत नाही, नुसतं वर्तुळ दिसतं. अशा वेळी वर्तुळाची स्टेशनपासून सर्वांत लांबची कड धरून मिनिटं मोजा. घरमालकाला 'कुठलं स्टेशन, कुठला एक्झिट' असं विचारलं तर तो सांगतो. 'सगळंच जवळ आहे' एवढंच उत्तर आलं तर दुसरं घर बघा.

'स्टेशनपासून ५ मिनिटं'

पाच मिनिटं कुणाच्या पायांनी? जपानमध्ये घरांच्या जाहिरातींसाठी नियम आहे: ८० मीटर म्हणजे एक मिनिट. सिग्नलला थांबणं, चढ, यांचा हिशेब त्यात नाही. बॅग ओढत, पाट्या वाचत चालणारा माणूस मिनिटाला ५० मीटर गेला तरी पुष्कळ. म्हणजे ४०० मीटरची 'पाच मिनिटं' आठ होतात.

आणि स्टेशन म्हणजे नेमकं काय? टोकियोच्या शिंजुकू स्टेशनला दोनशेहून जास्त एक्झिट आहेत. हॉटेलची पाच मिनिटं जवळच्या एक्झिटपासूनची. गाडीतून उतरून त्या एक्झिटपर्यंत जमिनीखालून चालायला पहिल्या दिवशी आणखी १५ मिनिटं सहज जातात, आणि चुकीच्या बाजूला वर आलात तर रुळांची अख्खी रुंदी ओलांडायची. म्हणून मुक्कामासाठी मोठ्या जंक्शनपेक्षा त्याच लाइनवरचं लहान स्टेशन बरं. यामानोते ही ३० स्टेशनांची वर्तुळाकार लाइन आहे आणि तिचा पूर्ण फेरा तासाभराचा. तिच्यावर शिंजुकूपासून एक-दोन स्टेशनं बाजूला राहिलात तर गाडीत पाच मिनिटं वाढतात आणि जमिनीखालची भटकंती रोजची वाचते. नवखी माणसं हे ऐकत नाहीत, नाव ऐकलेल्या स्टेशनलाच चिकटतात.

ज्येष्ठ माणसं, बाबागाडी किंवा मोठ्या बॅगा असतील तर स्टेशनपासून ४०० मीटरच्या पुढे जाऊ नका. लिफ्टचा एक्झिट कुठला तेही बघा. पॅरिस मेट्रोच्या बहुतेक जुन्या स्टेशनांवर लिफ्टच नाही, १४ नंबरच्या लाइनवर मात्र आहे.

कुठल्या विमानतळावर उतरणार हे विसरणं

टोकियोला नारिता मध्यापासून साठेक किलोमीटर, हानेदा पंधराएक. नारिताहून स्कायलायनर निप्पोरी आणि उएनोला साधारण ४० मिनिटांत पोहोचते, म्हणून नारिताला उतरणाऱ्याला ती बाजू सोयीची. हानेदाहून शिनागावा किंवा हामामात्सुचो. लंडनला हीथ्रोहून पिकॅडिली लाइन अर्ल्स कोर्ट, साउथ केन्सिंग्टन, किंग्ज क्रॉसला नेते आणि एलिझाबेथ लाइन पॅडिंग्टन, फॅरिंग्डनला. गॅटविकची गाडी व्हिक्टोरियाला किंवा लंडन ब्रिजला, स्टॅनस्टेडची लिव्हरपूल स्ट्रीटला. इस्तंबूलचे दोन विमानतळ तर दोन खंडांत आहेत. सबिहा गोकचेन आशियात, दुसरा युरोपात. तिकिटावरचा विमानतळाचा तीन अक्षरी कोड वाचल्याशिवाय भाग ठरवूच नका. परतीचं विमान पहाटेचं असेल तर शेवटची एक रात्र विमानतळाच्या लाइनवर हलवा. एकदा बॅग भरायचा त्रास पहाटे तीनच्या टॅक्सीपेक्षा कमीच.

शेवटची गाडी

टोकियोत मध्यरात्रीनंतर लवकरच गाड्या थांबतात आणि पहाटे पाचच्या सुमाराला सुरू होतात. लंडनची रात्रभराची ट्यूब, म्हणजे तिथली मेट्रो, फक्त शुक्रवारी आणि शनिवारी, तीही मोजक्या लाइनवर. न्यूयॉर्कचा सबवे चोवीस तास आहे, पण रात्री गाड्यांमधलं अंतर वाढतं. रात्रीचे कार्यक्रम बघणार असाल तर मुक्काम त्यांच्या बाजूला घ्या. सकाळी थोडं लांब जाणं जमतं, रात्री नाही.

थोडक्यातल्या चुका

एकाच लाइनवर अवलंबून राहणं. दुरुस्तीसाठी, विशेषतः शनिवार-रविवारी, लाइन बंद ठेवतात. चालण्याच्या अंतरात दोन वेगळ्या लाइन असाव्यात. पॅरिसमध्ये १, ४ आणि १४ या लाइन चालकाविना चालतात, म्हणून संपाच्या दिवशीही त्यांचा भरवसा जास्त.

शनिवार-रविवारी ऑफिसांच्या भागात राहणं. लंडनची 'सिटी' आणि पॅरिसचं ला देफॉन्स या दिवशी ओस पडतात. हॉटेल स्वस्त मिळतं ते त्यामुळेच. काही दुकानं बंद आणि रस्ते रिकामे चालणार असतील तर जरूर घ्या.

रात्र जागवणाऱ्या गल्लीत झोपायला जाणं. लिस्बनचं बाइरो आल्तो, डब्लिनचं टेम्पल बार: फिरायला जा, झोपायला दोन गल्ल्या पलीकडे. हॉटेलला रस्त्यामागची खोली मागा.

एका घाबरवणाऱ्या रिव्ह्यूवरून भाग बाद करणं. सहा महिन्यांतले रिव्ह्यू काढा, त्यात 'रात्र', 'आवाज', 'जिना', 'चालत' हे शब्द शोधा, एकट्या फिरणाऱ्या बायकांनी काय लिहिलंय ते आधी वाचा. मग रस्त्याच्या फोटोंमध्ये स्टेशन ते हॉटेल हे शेवटचे ३०० मीटर स्वतः चालून बघा. दिवे आहेत का, तळमजल्यावर दुकानं आहेत का, फूटपाथ आहे का. दहा मिनिटांच्या 'टॉप टेन एरिया' व्हिडिओपेक्षा हे जास्त सांगतं, आणि तरीही लोक व्हिडिओच बघतात.

घाई करून पैसे परत न मिळणारं बुकिंग घेणं. रद्द करता येणारं थोडं महाग पडलं तरी तेच घ्या. निघण्याआधी दोन आठवडे त्या शहराच्या वाहतूक संस्थेच्या साइटवर तुमच्या स्टेशनचं आणि लाइनचं नाव टाकून तुमच्या तारखांना काही बंद आहे का ते बघा. बंद असेल तर रद्द करायची मुदत संपायच्या आत भाग बदला.