मुलीची शाळा निवडताय? हळदीकुंकवातल्या सल्ल्यावर प्रवेश घेऊ नका

साताऱ्यात संक्रांत आणि शाळांचे प्रवेश एकाच सुमारास येतात. जानेवारीत कुणाकडे हळदीकुंकवाला गेलं की तिळगूळ हातावर पडायच्या आत प्रश्न येतो, "मग, धाकटीचं काय ठरलं? कुठं घालताय?" उत्तर काहीही द्या, समोरच्या दोघींपैकी एकीचा चेहरा पडतो, कारण तिच्या मुलीच्या शाळेचं नाव तुम्ही घेतलेलं नसतं. मग वाणाची डबी हातात धरून अर्धा तास शाळांची उणीदुणी निघतात.

थोरलीच्या वेळी मी हे सगळं मनावर घेतलं. तिची दोन वर्षं त्यापायी गेली. खासगी मुलींच्या शाळेचा विचार करणाऱ्या घरांत ज्या चुका होताना बघते आणि ज्या मी स्वतः केल्या, त्या लिहिते आहे.

"शाळा चांगली आहे" एवढ्यावर विश्वास ठेवणं

ज्यांनी डोनेशन भरलंय, गणवेशाचे तीन जोड घेतलेत, व्हॅन लावलीय, त्यांना शाळा चांगलीच म्हणावी लागते. त्यात खोटेपणा नसतो. एवढा पैसा आणि जीव ओतल्यावर माणूस तसंच बोलतो. मीही बोलले. थोरलीची शाळा मला खटकायला लागली होती, तरी जाऊबाईंसमोर मी तिचं कौतुकच करत राहिले. त्यांच्या मुलीच्या शाळेला मी आधी नावं ठेवली होती ना, आता माघार कशी घ्यायची? पुढं कळलं की त्याच दिवसांत त्याही त्यांच्या शाळेबद्दल असंच करत होत्या. दोघी एकाच ओट्याशी उभ्या राहून भाकरी थापत होतो, दोघींच्याही मुली शाळेत कंटाळलेल्या होत्या, आणि दोघीही एकमेकींना ते कळू देत नव्हतो.

म्हणून आता मी मत विचारत नाही, घडलेलं विचारते. वर्गात मुली किती आहेत? या वर्षात वर्गशिक्षिका किती वेळा बदलल्या? मुलीला शाळेत ताप आला तेव्हा फोन किती वाजता आला आणि कुणी केला? वही तपासून येते का, आणि चूक कशी दुरुस्त करायची ते बाई लिहितात का, की नुसती सही असते? अशा प्रश्नांना लोक खरी उत्तरं देतात, कारण त्यात कुणाचा मान जात नाही.

सांगणाऱ्याची माहिती कोणत्या वर्षाची आहे हेही विचारा. माझ्या मावससासूबाई ज्या शाळेची महती सांगत होत्या, तिथून त्यांची मुलगी बाहेर पडून बारा वर्षं झाली होती. मधल्या काळात मुख्याध्यापिका बदलल्या, निम्म्या शिक्षिका निवृत्त झाल्या. त्या सांगत होत्या ती शाळा खरी होती, पण ती आता राहिली नव्हती.

"मुलींची शाळा आहे, काळजी मिटली" असं समजणं

हे वाक्य आमच्याकडे मामंजींचं. त्यांचा हेतू चांगलाच होता. घरातल्या मोठ्यांना मुलींची शाळा का हवी असते, हे मी समजू शकते. सावित्रीबाईंचा जन्म याच जिल्ह्यातला, खंडाळा तालुक्यातल्या नायगावचा, १८३१ चा. १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली, तेव्हा मुलीला शिकू द्यायचं की नाही हाच वाद होता. मुलींसाठी वेगळी शाळा असल्यामुळे नंतर कितीतरी घरांचे दरवाजे उघडले. आजही वर्गात बोलायला बुजणारी एखादी मुलगी मुलींच्या शाळेत खुलते, गणिताला हात वर करते, कबड्डीच्या संघात जाते. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

पण पाटीवर मुलींची शाळा लिहिलंय म्हणजे आत मुलींची सोय आहे, असं होत नाही.

थोरलीची पाण्याची बाटली रोज भरलेलीच परत यायची. निळी, झाकणाला दोरी असलेली बाटली. मी रोज संध्याकाळी ते पाणी तुळशीला घालायचे आणि म्हणायचे, अगं, पाणी पीत जा. जून गेला, जुलै गेला. ऑगस्टमध्ये तिला लघवीला जळजळ सुरू झाली, ताप आला. डॉक्टरांनी मला काही न विचारता तिलाच विचारलं, "शाळेत पाणी का पीत नाहीस बाळा?" ती म्हणाली, "प्यायलं की जावं लागतं." मजल्यावर चार संडास होते. दोन कुलूपबंद. एकाला कडी नव्हती, म्हणून मुली आळीपाळीनं बाहेरून दार धरून उभ्या राहायच्या. चौथ्यात पाणी यायचं नाही.

प्रवेशाच्या वेळी मी ती शाळा दोनदा बघितली होती. ऑफिस बघितलं, सभागृह बघितलं, ट्रॉफ्यांचं कपाट बघितलं. संडास बघायचा मला सुचलाच नाही, आणि कुणी दाखवलाही नाही. मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह असणं ही शिक्षण हक्क कायद्यातली अट आहे, मागायला संकोच वाटावा अशी गोष्ट नव्हे.

आता सांगते, शाळा बघायला मधल्या सुट्टीच्या वेळी जा. "मला स्वच्छतागृह वापरायचंय" म्हणा आणि मुलींचंच वापरा. कडी लागते का, नळाला पाणी आहे का, पॅड टाकायला झाकणाचा डबा आहे का, साफसफाईच्या मावशी दिवसातून किती वेळा येतात, ते बघा. चौथी-पाचवीतच पाळी आली तर मुलीनं कुणाला सांगायचं, तिथं पॅड मिळतं का, हे विचारा. या प्रश्नावर बाई अवघडल्या तर तुमची नऊ वर्षांची मुलगी त्यांच्याकडे जाणार नाही. २०२२ मध्ये शासनानं शाळांमध्ये मुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती नेमायला सांगितलं. ती समिती आहे का, त्यात पालकांपैकी कोण आहे, शेवटची बैठक कधी झाली, तेही विचारा. नावं भिंतीवर लावलेली असतात. त्यातल्या एकीला भेटून या.

पाटी वाचणं, कागद न वाचणं

"सीबीएसई पॅटर्न" आणि सीबीएसईची संलग्नता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॅटर्न म्हणजे फक्त पुस्तकं त्या पद्धतीची, बाकी काही बांधील नाही. संलग्न शाळेकडे संलग्नता क्रमांक असतो आणि तो मंडळाच्या वेबसाइटवर तपासता येतो. राज्य मंडळाची शाळा असेल तर दहावी कोल्हापूर विभागीय मंडळातून होते, सातारा, सांगली, कोल्हापूर तिन्ही जिल्ह्यांची. प्रत्येक मान्यताप्राप्त शाळेला ११ अंकी यू-डायस क्रमांक, म्हणजे सरकारी ओळख क्रमांक असतो, महाराष्ट्रातला २७ नं सुरू होतो. तो मागा. शासनाचं मान्यतापत्र कितवीपर्यंतचं आहे ते बघा. चौथीपर्यंतच मान्यता आहे आणि पाचवीचे वर्ग "होणार आहेत" असं सांगितलं, तर थांबा. जिल्हा परिषदेचा शिक्षण विभाग अनधिकृत शाळांची नावं जाहीर करतो, ती यादीही एकदा वाचा.

आमच्या ओळखीतल्या एका घरानं "स्टेट बोर्डात काय ठेवलंय" या एका वाक्यापायी चांगली सेमीची शाळा सोडली. सेमीत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. ज्या घरात आजीच अभ्यास घेते, तिथं हा फार कामाचा मार्ग आहे. शाळा सोडणाऱ्या त्या घरातल्या आजींचा नातीच्या अभ्यासातून हातच सुटला.

साडेतीन वर्षांच्या पोरीची तालीम घेणं

"आमच्या हिनं मुलाखतीत सगळे रंग सांगितले." हे ऐकून मी पंधरा दिवस थोरलीला रंग, फळं, कविता घोकायला लावल्या. ती रडायची आणि मी चिडायचे. तेव्हा मला माहीत नव्हतं की शिक्षण हक्क कायद्याच्या १३ व्या कलमानं प्रवेशासाठी मुलांची किंवा पालकांची चाळणी लावायला बंदी आहे. पहिल्यांदा चाळणी लावली तर २५ हजारांपर्यंत, पुढच्या प्रत्येक वेळी ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. डोनेशन घेतलं तर घेतलेल्या रकमेच्या दहापटींपर्यंत. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना मात्र हा कायदा लागू नाही, सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये तसं स्पष्ट केलं आहे. बऱ्याच कॉन्व्हेंट त्यात मोडतात. म्हणून शाळा अल्पसंख्याक दर्जाची आहे का, हे आधी विचारून घ्या. याच कायद्यानं वंचित आणि दुर्बल घटकांसाठी ठेवलेल्या २५ टक्के राखीव जागांसाठी अर्ज करणार असाल तर नक्कीच.

फीवरून शाळेची पत ठरवणं

जास्त फी म्हणजे जास्त चांगली शाळा, हे आपण एकमेकांना सांगून सांगून खरं करून टाकलंय. १९२४ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी याच साताऱ्यात वसतिगृह काढलं. तिथल्या मुलांना जेवू घालण्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही मोडलं. त्याच गावात हळदीकुंकवाला फीचा आकडा मोठ्यानं सांगितला जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आकडा विचाराच, पण पूर्ण विचारा. प्रवेश फी, सत्र फी, पुस्तकं, गणवेश, व्हॅन, सहल, स्नेहसंमेलनाचे कपडे, सगळं एका कागदावर लिहा आणि दहावीपर्यंतचा विचार करा. घरात दुसरं मूल असेल तर दोघांचा एकत्र हिशोब मांडा. मोठीला महागड्या शाळेत घालून धाकट्याच्या वेळी हात आखडणारी घरं आहेत, आणि त्याहून जास्त घरं मुलाला महागडी आणि मुलीला "जवळची बरी" शाळा देणारी आहेत. फरक का करतोय, हे नवराबायकोनं एकदा समोरासमोर बसून बोलायला हवं.

फी न परवडण्याइतकी वाढली तर गेटवर कुजबुजून काही होत नाही. महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यात फी ठरवताना पालकांनाही जागा दिलेली आहे. शाळा सुरू झाल्यापासून ३० दिवसांत शिक्षक-पालक संघ व्हायला हवा. त्याच्या कार्यकारी समितीतले पालक इच्छुकांमधून चिठ्ठ्या टाकून निवडायचे असतात आणि मंजूर झालेली फी दोन वर्षं बदलत नाही. आपण जूनमध्ये नावच देत नाही आणि फेब्रुवारीत चिडतो. नाव द्या.

प्रवासाचा हिशोब नकाशावर करणं

पाच किलोमीटर दिसतात, पण व्हॅन आधी करंजे, मग शाहूपुरी, मग पोवई नाक्यावरून गोडोली अशी फिरते. पहिली चढणारी मुलगी सव्वा तास बसून असते. पावसाळ्यातल्या एखाद्या सकाळी शाळेच्या वेळेला स्वतः गाडी घेऊन जाऊन बघा. स्कूल बसमध्ये मुली असतील तर महिला मदतनीस हवी, हा २०११ च्या नियमावलीतला नियम आहे. व्हॅनवाल्या काकांचं लायसन्स बघायला लाजू नका. कोरेगाव, वडूथ बाजूच्या गावांतून येणाऱ्यांनी एसटीचा विचार जरूर करावा. पाचवीपासून ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे.

ग्रुपवर भांडण ओढवून घेणं

वर्गाच्या पालकांच्या ग्रुपवर रात्री दहानंतर शाळेबद्दल काही लिहू नका. तुमच्या मुलीबद्दलची तक्रार ग्रुपवर टाकू नका, ती लेखी अर्जानं मुख्याध्यापिकांकडे द्या आणि पोच घ्या. दुसऱ्या मुलीचं नाव कधीच नको. आमच्या ग्रुपवर एकीनं लिहिलं, "अमुक मुलगी वर्गात मागं पडते म्हणून सगळ्यांचा वेळ जातो." दुसऱ्या दिवशी वर्गात ते सगळ्या मुलींना माहीत होतं. ती मुलगी आठवडाभर शाळेत आली नाही.

चूक होऊन गेली असेल तर

फी भरलीय म्हणून मुलीला रेटत ठेवू नका. आम्ही तेच केलं. "लोक काय म्हणतील" हे त्यातलं खरं कारण होतं, फी नंतरची. आधी शाळेला संधी द्या. काय बिघडलंय ते एका वाक्यात लिहा, भेट मागा, पंधरा दिवसांची मुदत ठरवा. आम्ही संडासाबद्दल सहा पालकांच्या सह्यांचा अर्ज दिला, तेव्हा कड्या बसल्या आणि कुलपं निघाली. पाणी यायला मात्र दिवाळी उजाडली. मग शाळा बदलायची ठरवली, पण वर्ष संपल्यावर. बदलताना आधी नव्या शाळेत जागा नक्की करा, मगच दाखला मागा. दाखल्यावर नाव, जन्मतारीख आणि आईचं नाव तिथंच उभं राहून तपासा, नंतर दुरुस्तीला फार हेलपाटे पडतात. मुलीला हे सगळं आधी सांगा. आम्ही थोरलीला शेवटच्या दिवशी सांगितलं, आणि मैत्रिणींचा निरोप घ्यायचा राहिला म्हणून ती आजही बोलते.

जाऊबाईंना मी त्या ऑगस्टमध्येच बाटलीचं सगळं सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आमचीही बाटली भरलेलीच येते गं." धाकटीसाठी यंदा तीन शाळा बघायच्या आहेत, मधल्या सुट्टीच्या वेळी. त्याही सोबत येणार आहेत. व्हॅनवाल्यांशी बोलणं त्यांना माझ्यापेक्षा चांगलं जमतं.