पाळीच्या तारखेवरून गर्भाचे दिवस कसे मोजायचे

भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि शेवटची पाळी ज्या दिवशी सुरू झाली त्या तारखेला गोल करा. संपली ती नव्हे, सुरू झाली ती. दवाखान्यात 'किती आठवडे' म्हणतात ते याच तारखेपासून. इकडे बेळगावकडच्या दवाखान्यात नर्सबाई कन्नडमध्ये 'मुट्टु' (पाळी) कधी झाली म्हणून विचारतील, तेव्हाही हीच तारीख सांगायची. गर्भाचं खरं वय मात्र त्याहून साधारण 14 दिवसांनी कमी असतं. सोनोग्राफीत सहा आठवडे निघाले म्हणून नवरा गोव्याहून सुट्टीला कधी आला होता याचा हिशेब जुळवत बसू नका. पहिले दोन आठवडे गर्भाचे नसतातच.

समजा, 1 जूनला पाळी आली आणि चक्र 28 दिवसांचं आहे. स्त्रीबीज 15 जूनच्या आसपास सुटतं आणि जेमतेम दिवसभर टिकतं. शुक्राणू पाच दिवसांपर्यंत तग धरतात, म्हणून संबंधाच्या तारखेवरून मोजणं फसवं. फलन होतं ते गर्भाशयात नव्हे, गर्भनलिकेत. 16 तारखेला एका पेशीच्या दोन, 18 ला साधारण आठ, 19 ला तुतीच्या फळासारखा गोळा. इतक्या पेशी होऊनही आकार वाढत नाही. कणकेचा एकच गोळा तोडून त्याचे उंडे करावेत तसं. सगळं मिळून मिलिमीटरचा दहावा भाग. 19-20 ला गोळा गर्भाशयात उतरतो, आत पाण्याची पोकळी धरते. बाहेरच्या पेशींची पुढे वार होते, आतल्या पुंजक्याचं बाळ. 21 च्या सुमारास तो अस्तराला चिकटतो आणि पाच-सहा दिवसांत पुरता रुजतो. चक्र 35 दिवसांचं असेल, तर 15 जूनपासूनच्या सगळ्या तारखा सात दिवस पुढे सरकवा.

रुजायला लागल्यावरच एचसीजी, म्हणजे चाचणीत पकडलं जाणारं गरोदरपणाचं संप्रेरक, आईच्या रक्तात उतरतं, मग लघवीत. घाईने 22-23 ला केलेली चाचणी कोरी आली तर तिला काही अर्थ नाही. 29 ला पाळी यायला हवी होती. 30 ला सकाळची पहिली लघवी घ्या. आशाताईंकडे चाचणीचं 'निश्चय' किट मिळतं. दोन रेघा म्हणजे दिवस राहिले, एकच म्हणजे नाही. पाकिटावर लिहिलेल्या वेळेतच रेघा बघा, तासाभराने उमटलेली पुसट रेघ धरू नका. एकच रेघ आली आणि पाळीही आली नाही, तर आठवड्याने पुन्हा करा.

आता खरी नड. 30 जूनलाच गर्भाची चकती (आतला पुंजका तोवर चपटा झालेला असतो) तीन थरांची होऊ लागलेली असते: वरच्या थरातून मेंदू आणि कातडी, मधल्यातून हृदय, हाडं, स्नायू, खालच्यातून आतड्यांचं आणि फुफ्फुसांचं अस्तर. 7 जुलैच्या सुमारास हृदय धडधडू लागतं. 13 जुलैपर्यंत मेंदू-मज्जारज्जूची नळी दोन्ही टोकांनी मिटते. खालचं टोक मिटलं नाही तर मणका उघडा राहतो. दवाखान्याच्या मोजणीने त्या दिवशी फक्त सहा आठवडे भरतात. आपल्याकडे 'नक्की होऊ दे, मग नाव घालू' म्हणत तायी कार्ड (गरोदर बाईच्या नोंदणीचं सरकारी कार्ड) निघेपर्यंत बहुधा ही तारीख उलटून गेलेली असते. म्हणून फॉलिक ॲसिड रोज 400 मायक्रोग्रॅम, दिवस राहण्याच्या निदान महिनाभर आधीपासून. मेडिकलमध्ये 5 मिलिग्रॅमची गोळी सर्रास मिळते. ती डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको. आधीच्या बाळात असा दोष असेल तर मात्र मोठा डोस लागतो, तो विचारून घ्या.

सोनोग्राफीची घाईही नडते. पाचव्या आठवड्यात नुसती गर्भाभोवतीची पिशवी (गर्भाशय नव्हे) दिसते, ठोके सहाव्यानंतर. पिशवी 25 मिलिमीटरपेक्षा लहान आणि आत काही दिसत नसेल, तर एकाच सोनोग्राफीवर निकाल लावायचा नसतो. आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा बघतात. तारखेचाच घोळ असण्याची शक्यता मोठी. (मुलगा की मुलगी हे फलनाच्या क्षणीच, शुक्राणूवरून ठरतं. सोनोग्राफीत ते विचारणं आणि सांगणं, दोन्ही गुन्हा.)

चाचणीत दोन रेघा आहेत आणि ओटीपोटात एका बाजूला कळ, अंगावर रक्त, चक्कर किंवा खांदा दुखणं असं काही असेल, तर वाट पाहू नका. गर्भ नलिकेतच रुजला असेल तर वाढताना नलिका फुटते आणि पोटात रक्तस्राव होतो. 108 ला फोन करा. खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीकडच्या वाड्यांवर राहत असाल, तर पहिले तीन महिने भर पावसात येत असतील तेव्हा गाडी कुठपर्यंत येते हे आधीच विचारून ठेवा.