मसल बायोप्सीची तयारी : नाशिकहून सॅम्पल बाहेर जाणार असेल तर

न्यूरोलॉजिस्ट किंवा रुमॅटॉलॉजिस्टने ‘मसल बायोप्सी करून घेऊ’, म्हणजे तपासणीसाठी स्नायूचा छोटा तुकडा काढून घेऊ, असं म्हटलं की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, ऑपरेशन किती मोठं? छोटंच असतं. मांडीवर नाहीतर दंडावर काही सेंटिमीटरची चीर, तेवढीच जागा बधिर, आणि मोठ्या माणसाला बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी सोडतात. काही ठिकाणी जाड सुईनेही काढतात. जास्त तयारी लागते ती काढलेल्या तुकड्याची, म्हणून सर्जनची तारीख घेण्याआधी सॅम्पल कुठे जाणार ते पक्कं करा.

बाकीच्या बायोप्सीसारखा सगळा तुकडा फॉर्मॅलिनच्या (तुकडा टिकवणाऱ्या द्रावणाच्या) बाटलीत टाकून चालत नाही. एन्झाइमच्या तपासण्यांसाठी, म्हणजे एसडीएच, सीओएक्स, एनएडीएच यांसाठी, स्नायू ताजा लागतो. लॅबमध्ये तो द्रव नायट्रोजनने उणे 160 अंशांच्या आसपास थंड केलेल्या आयसोपेंटेनमध्ये झटक्यात गोठवतात. हळू गोठला तर आत बर्फाचे स्फटिक होतात, तंतूंना भोकं पडतात आणि पॅथॉलॉजिस्टला धड काही वाचता येत नाही. त्यामुळे ‘तोवर फ्रीजरमध्ये ठेवू’ हा विचार मनातही आणू नका.

नाशिकमध्येच ही सोय होते का, हे आधी डॉक्टरांना विचारा. मुंबईला पाठवायचं ठरलं तर लॅबला स्वतः फोन करा: स्नायूचं सॅम्पल कोणत्या वारी घेता, किती वाजेपर्यंत, काढल्यापासून किती तासांत पोहोचायला हवं, फॉर्मॅलिनमध्ये आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी ग्लुटाराल्डिहाइड या दुसऱ्या द्रावणात वेगळे तुकडे हवेत का. उत्तरं कागदावर लिहून ओटीतल्या सिस्टरांच्या हातात द्या. सहसा सलाइनमध्ये भिजवून घट्ट पिळलेल्या गॉझमध्ये तुकडा गुंडाळतात. गॉझमधून पाणी निथळत असेल तर ते चुकलं. मग घट्ट झाकणाची डबी, तिच्यावर नाव आणि काढल्याची वेळ, आणि ती थर्माकोलच्या खोक्यात आइस पॅकसोबत. तुकडा बर्फाला थेट टेकता कामा नये.

अंतर साधारण 170 किलोमीटर. पंचवटी एक्स्प्रेस सकाळीच निघून जाते, तेव्हा तिच्या भरवशावर राहू नका. गाडी आणि खोकं सांभाळणारा माणूस आधी ठरवा. पावसाळ्यात कसारा घाटासाठी जास्तीचा वेळ धरा. मंगळवार किंवा बुधवार सकाळची ऑपरेशनची वेळ मागा, शुक्रवार दुपार अजिबात नको. माझं मत विचाराल तर पेशंटला प्रवास झेपत असेल तर लॅब असलेल्या हॉस्पिटलमध्येच त्याला नेऊन बायोप्सी केलेली बरी.

स्नायू कोणता निवडायचा हे डॉक्टर ठरवतात. पार वाळलेला उपयोगाचा नसतो, तिथे चरबीच सापडते. जेमतेम अशक्त झालेला हवा. तुमचं काम एवढंच, की ईएमजीच्या (स्नायूतल्या विद्युत हालचालीच्या तपासणीच्या) सुया कोणत्या बाजूला टोचल्या आणि अलीकडे इंजेक्शन कुठे घेतलं ते न विसरता सांगायचं. टोचलेल्या जागेची सूज आजारासारखी दिसू शकते, म्हणून शक्यतो दुसरी बाजू घेतात. एमआरआय झाला असेल तर फिल्म सोबत न्या.

गोळ्यांची पूर्ण यादी करा. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन यांपैकी काही चालू असेल तर ठळक लिहा, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका. स्टेंट बसवलेल्यांनी तर मुळीच नाही. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळीही लिहा, तिच्यानेही स्नायू दुखतात. स्टेरॉइड सुरू व्हायचं असेल तर ‘बायोप्सी आधी की गोळी आधी?’ हे स्पष्ट विचारा. स्टेरॉइडने सूज उतरली की मायोसायटिस, म्हणजे स्नायूंचा दाह, तुकड्यात नीट दिसेलच असं नाही. सीपीकेचे (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या एन्झाइमचे) रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा. बधिर करण्याच्या औषधाची ॲलर्जी असेल तर तीही लिहा.

लहान मुलाची गोष्ट वेगळी. ड्युशेनचा (मुलांमधल्या स्नायू क्षीण होत जाणाऱ्या आनुवंशिक आजाराचा) संशय असेल तर हल्ली आधी रक्तावरून जनुकीय तपासणी होते आणि पुष्कळदा बायोप्सीची वेळच येत नाही. आलीच, तर मुलाला पूर्ण भूल लागू शकते. मग भूलतज्ज्ञांना स्नायूंच्या आजाराचा संशय आधीच सांगा, घरात कुणाला भुलीचा त्रास झाला असेल तर तोही.

त्या दिवशी सैल कपडे घाला, दुचाकी घरी ठेवा. ड्रेसिंग कोरडं ठेवायचं, टाके कधी काढायचे ते विचारून घ्यायचं. रिपोर्टला काही आठवडेही लागतात. तो घ्यायला जाल तेव्हा स्लाइड्स आणि पॅराफिन ब्लॉकही (मेणात बसवलेला तुकडा) मागून घ्या, आणि गोठवलेला उरलेला तुकडा लॅब किती दिवस ठेवते तेही विचारा.