रुंद अंगाच्या, आखूड पाठीच्या घोड्यासाठी हलकं वेस्टर्न खोगीर कसं निवडावं

वेस्टर्न, म्हणजे अमेरिकी काउबॉय पद्धतीचं, खोगीर बघायला जाण्याआधी एक खडू, शिंप्याची टेप आणि हातभर लांबीची जाड ॲल्युमिनियमची तार घेऊन घोड्यापाशी जा. वजनाचा विचार सगळ्यांत शेवटी करायचा. मी नेमकं उलट केलं होतं. माझी घोडी कुमाईत (तांबूस-तपकिरी), पिंपासारखी गोल, पाठ आखूड. ग्वाल्हेरच्या उन्हात तिघरा धरणाच्या बाजूला लांब फेऱ्या मारायच्या म्हणून 'हलकं' एवढंच बघून मी साडेसात किलोचं सिंथेटिक खोगीर मागवलं. विकणाऱ्याने 'वाइड' लिहिलं होतं, मी विश्वास ठेवला. दोन-तीन महिन्यांत तिच्या खांद्यांमागे दोन्हीकडे खोगिराच्या दाबाने पांढरे केस उगवले. ते आजही तसेच आहेत.

तर आधी पाठ मोजा. घोडा सपाट जमिनीवर, चारही पायांवर सारखा उभा हवा. फऱ्याची, म्हणजे खांद्याच्या सपाट हाडाची, मागची कड बोटांनी चाचपून खडूने रेघ ओढा. मग पोटाच्या बाजूने शेवटची बरगडी शोधा आणि ती वर कण्याकडे जाईल तशी खुणा करत जा. ती पुढे झुकत वर जाते, त्यामुळे दिसते त्यापेक्षा जागा कमी निघते. चालताना फरा मागे सरकतो, म्हणून पुढच्या रेघेमागे दोन-तीन बोटं सोडा. उरलं तेवढंच खोगिराचं घर. शेवटच्या बरगडीमागे कमरेला खालून आधार नसतो, तिथे स्वाराचा भार पडता कामा नये.

आता तार. फऱ्यामागे दोन बोटांवर ती आडवी ठेवून दोन्ही बाजूंनी नीट दाबा, आकार न मोडता उचला, पुठ्ठ्यावर उतरवा आणि कापा. असाच साचा पाठीच्या सर्वांत खोल जागी आणि शेवटच्या बरगडीजवळ घ्या. साच्यांवर तारीख घाला. रुंद घोड्याचा पहिला साचा उलट्या घमेल्यासारखा पसरट येतो, आणि खोगिराची अडचण तिथेच सुरू होते.

वेस्टर्न खोगिराचा भार त्याच्या सांगाड्याच्या, म्हणजे ट्रीच्या, दोन लांब पट्ट्यांवर असतो. त्यांना बार म्हणतात. पुढच्या कमानीखालची मोकळी जागा म्हणजे गलेट. बारची मापं क्वार्टर हॉर्स या अमेरिकी जातीच्या नावाने ओळखतात: सेमी क्वार्टर हॉर्स बारचं गलेट साधारण साडेसहा इंच, फुल क्वार्टर हॉर्स बारचं सात इंच सांगतात. रुंद घोड्याला बहुधा फुल किंवा त्याहून मोठं लागतं. पण हे आकडे सगळ्या कारागिरांचे सारखे नसतात, आणि गलेट सात इंच असूनही बारचा उतार तीव्र असेल तर ते खोगीर गोल पाठीवर कडांनीच टेकतं. म्हणून आकडा विचारा, पण पुठ्ठा खोगिराखाली धरून बघा.

आखूड पाठीसाठी लोक लहान सीट घेतात. चौदा इंचाची सीट घेतली की खोगीर आखूड झालं, असं वाटतं. पण अनेक ट्रींमध्ये सीट बदलली तरी बारची लांबी तीच राहते, आणि स्वार मात्र मागच्या कडेवर चढून बसतो. स्कर्ट, म्हणजे खोगिराची खाली पसरलेली झालर, गोल कापाचा घ्यावाच, कारण चौकोनी कोपरे वळताना घोड्याच्या कुल्ल्यांना घासतात. मात्र स्कर्ट गोल असला तरी आतला बार लांबच असू शकतो. विक्रेत्याला बारची लांबी विचारा, आणि बारचं मागचं टोक वर वळलेलं आहे का तेही.

मग खोगीर गादीशिवाय, उघड्या पाठीवर ठेवा. फऱ्यावर ठेवून मागे सरकवा, ते आपोआप थांबेल तिथे सोडा. पुढच्या कमानीखाली दोन-तीन बोटं जावीत, आणि मागून पाहिलं तर कण्यावर सरळ उजेडाची फट दिसावी. हात बारखालून पुढून मागे सरकवा. मध्येच पोकळी लागली तर भार फक्त दोन टोकांवर येतोय. खोगीर झोपाळ्यासारखं डुलत असेल तर बार फार वाकडा आहे. पुढून उंच चढून बसलं असेल तर ते अरुंद आहे. त्याखाली जाड नमदा (लोकरीची गादी) घालू नका. बांगडी आधीच घट्ट, त्यात मनगटाला फडकं गुंडाळल्यासारखं होईल ते. खोगीरभरती इथे खऱ्या अर्थाने नुकसान करते.

गोल घोड्यावर खोगीर फिरतं, म्हणून तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, करकचून आवळायचा मोह होतो. तसं करू नका. तंगाची कडी घोड्याच्या कोपरामागच्या नैसर्गिक खाचेवर सरळ उतरते का ते बघा. तिरकी ओढ असेल तर तंग खोगिराला खांद्यावर खेचत राहतो. छातीपट्टा लावा, आणि स्वार होताना चौथऱ्याचा आधार घ्या.

आता वजन. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, खांद्याच्या पुढच्या टोकापासून कुल्ल्याच्या मागच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणा आणि ११,८८० ने भागा. घेर १६५ आणि लांबी १५० असेल तर घोडा साधारण ३४४ किलोचा. स्वार आणि सामान मिळून त्याच्या २० टक्क्यांच्या आत ठेवा, असं सांगतात. म्हणजे ६९ किलो. स्वार ५८ किलोचा असेल तर खोगीर, नमदा, लगाम, पाण्याची बाटली मिळून ११ किलो उरतात. १८ किलोचं रोपिंग (दोर टाकून गुरं पकडण्याचं) खोगीर इथेच बाद. सिंथेटिक ट्रेल खोगीर सहा ते नऊ किलोत मिळतं, चामड्याचं साधारण ११ ते १४ किलोत. पण बार बारीक करून वजन वाचवलं असेल तर तोच भार कमी जागेत पडतो.

तयार काही बसलं नाही तर पुठ्ठे घेऊन कानपूर गाठा. कानपूरच्या खोगिरांना भौगोलिक मानांकन आहे, तिथे निर्यातीची वेस्टर्न खोगिरंही बनतात, आणि ग्वाल्हेरहून ते लांब नाही.

विकत घेण्याआधी अर्धा तास चालवून बघा. उतरल्यावर घाम पाहा: सगळीकडे ओलं आणि मध्येच एक कोरडा, केस विस्कटलेला ठिपका असेल तर तिथे दाब पडतोय किंवा खोगीर टेकतच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खरारा करण्याआधी पाठीवर दोन्ही हात हळू दाबत न्या. घोडी कातडी थरथरवते, कान मागे टाकते किंवा पाठ खाली सोडते का बघा. सूज बऱ्याचदा तेव्हाच कळते. आणि पावसाळ्यातल्या हिरव्या चाऱ्यानंतर तार पुन्हा एकदा वाकवा. माझी घोडी दिवाळीपर्यंत बोटभर रुंद झालेली असते.