साक्षरता वर्गाचं मूल्यमापन: आधीपासून करायची तयारी

मूल्यमापनाची तयारी परीक्षेच्या आठवडाभर आधी सुरू केली, तर उशीर झालेला असतो. हे मी पहिल्याच वर्षी शिकले. आमच्या वर्गातल्या सगळ्या बायका पास झाल्या, पेढे वाटून झाले, आणि मग त्यांतली एक सहज म्हणाली, "ताई, मी चौथीपर्यंत शाळेत गेलेय की. संख्या भरत नव्हती म्हणून माझं नाव घातलं." वर्गाने हिला नवं काय दिलं, ते मला सांगता येईना. तिच्या शेजारी बसणारी बाई खरोखर शून्यापासून आली होती, पण तिच्याबद्दलही सांगता येईना. दोघींची पहिल्या दिवसाची नोंदच माझ्याकडे नव्हती.

म्हणून वर्ग सुरू व्हायच्या आधी माणशी एक कागद तयार ठेवा. त्यावर तारीख, वय, शाळेत किती वर्षं गेली (दोन महिने गेली असेल तरी लिहा) आणि घरात कोणती भाषा बोलतात हे हवं. घरी कोरकू किंवा गोरमाटी बोलणारी बाई मराठी अक्षरांबरोबर मराठी भाषाही शिकत असते. तिचा वेग इतरांच्या फूटपट्टीने मोजू नका. मग काही सुटी अक्षरं, पाच-सहा शब्द, एक ओळ, काही आकडे आणि एक तोंडी हिशेब. दहा मिनिटांत होतं. एकेकीला बाजूला बसवून करा, आणि 'परीक्षा' हा शब्द अजिबात काढू नका.

त्याच कागदाच्या मागे एक प्रश्न: कशासाठी आलात? उत्तर तिच्याच शब्दांत उतरवा. 'बँकेत अंगठा नको', 'एसटीची पाटी वाचता यावी', 'पोराचा नंबर मोबाइलमध्ये सापडावा', 'नात विचारते तेव्हा गप्प बसावं लागतं'. तिच्यापुरतं खरं मोजमाप हेच आहे. वर्षाअखेरीला हाच कागद समोर धरून पाटी वाचता येते का, नंबर सापडतो का, एवढं बघायचं.

सरकारी चाचणीची तयारी वेगळी आणि त्यामानाने सोपी. 'उल्लास' म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रम १५ वर्षांवरच्या निरक्षरांसाठी आहे. त्यातली पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान चाचणी महाराष्ट्रात पहिल्यांदा १७ मार्च २०२४ रोजी झाली. वाचन, लेखन, संख्याज्ञान असे तीन भाग, प्रत्येकी ५० गुण, एकूण १५०, वेळ ३ तास, आणि प्रत्येक भागात किमान ३३ टक्के. फोटो, ओळखपत्र, पेन आदल्या दिवशीच एका पिशवीत घालून ठेवायला सांगा. तुमच्या वहीत मात्र नुसतं 'उत्तीर्ण' लिहून थांबू नका, तीन भागांचे गुण तीन रकान्यांत मांडा. वाचनात १७ मिळवणारी आणि ४५ मिळवणारी दोघीही उत्तीर्णच, पण पुढच्या वर्षी दोघींना एकच पाठ देऊन चालत नाही.

आता चष्मा. हसू नका, माझ्या यादीत हा फार वरती आहे. चाळिशीनंतर जवळचं दिसेनासं होतं, आणि आपल्या वर्गात पन्नाशी-साठीच्याच बायका जास्त. कागद लांब धरून डोळे बारीक करणारी बाई 'अडखळते' असा शेरा मी स्वतः दिलेला आहे. चाचणीच्या महिनाभर आधी डोळे तपासून घ्या, आरोग्य केंद्रात विचारा, नाहीतर बाजारातला जवळचा चष्मा तरी मिळवून द्या. आणि चाचणी उजेडात, ओसरीवर घ्या. ट्यूबलाइटखाली संध्याकाळी सातला घेतलेलं वाचन डोळ्यांची परीक्षा होऊन बसतं.

वाचनासाठी काय द्यायचं, यावर जरा जास्त वेळ घालवा. प्रवेशिकेतला, म्हणजे वर्गात शिकवायच्या पुस्तकातला, धडा देऊ नका, तो पाठ झालेला असतो. ज्यांनी आयुष्यभर ओव्या, आरत्या, हरिपाठ कानाने साठवले, त्यांच्या स्मरणशक्तीपुढे आपला पाठ म्हणजे किरकोळ गोष्ट. आमच्याकडच्या एक आजी हरिपाठावर बोट ठेवून सुरेख वाचायच्या, पानसुद्धा बरोबर वेळेला उलटायच्या. मी मधलंच एक पान उघडून मधल्या शब्दावर बोट ठेवलं, तर म्हणाल्या, "असं नाही येत, सुरुवातीपासून लाव." तेव्हा न पाहिलेलं काहीतरी हवं: किराण्याची यादी, लग्नपत्रिका, पालकसभेची चिठ्ठी, बियाण्याच्या पाकिटावरची ओळ. सोबत घड्याळ ठेवा. १९८८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय साक्षरता मिशनने मिनिटाला ३० शब्द मोठ्याने वाचता यावेत असं धरलं होतं. तो आकडा मी अजून वापरते, कारण त्याहून फार हळू वाचलं की ओळ संपेपर्यंत तिची सुरुवात विसरायला होते. वाचून झाल्यावर एक साधा प्रश्न विचारा. पत्रिका वाचली असेल तर, "लग्न कोणत्या वारी?"

लेखनातही हीच खबरदारी. सही बऱ्याच जणी चित्रासारखी शिकतात. कमल 'कमल' सुबक लिहिते. तिला 'मका' लिहायला सांगा. क आणि म दोन्ही तिच्या नावात आहेत, फक्त काना नवा. पेन थांबलं, तर ती अजून सही रेखाटते आहे.

संख्याज्ञानात तोंडी आणि लेखी यांचे रकाने वेगळे करा. भाजी विकणारी बाई अडीच किलोचे पैसे तुमच्याआधी सांगते, आणि तीच वजाबाकी कागदावर उभी मांडली की गोंधळते. तिला हिशेब येत नाही असं लिहिणं अन्याय आहे, तिला मांडणी येत नाही. 'तेवीस' ऐकून ३२ लिहिलं तरी लगेच लाल रेघ नको. मराठीत तीन आधी ऐकू येतात आणि वीस नंतर, हातही त्याच क्रमाने चालतो. अशी उलटापालट वेगळी टिपा, ती आठवडाभरात सुधारते. आणि आकडे दोन्ही तऱ्हांचे दाखवा: प्रवेशिकेतले देवनागरी आणि मोबाइलवरचे, इंग्रजी म्हणतात ते. देवनागरी पाच ओळखणारी बाई फोनवरच्या पाचाशी अडते, आणि तिचं कारण तर फोन हेच होतं.

मोजणारं माणूस वेगळं हवं. वर्ग नात घेत असेल आणि तोंडी चाचणीही तीच घेत असेल, तर आजीचे ओठ हलायच्या आधी नातीचे हलतात. शेजारच्या गावाच्या स्वयंसेवकाशी अदलाबदल करून घ्या.

घरातल्या बदलासाठी प्रश्नावली काढणार असाल, तर 'आत्मविश्वास वाढला का?' हा प्रश्न खोडा. सगळ्या 'हो ताई' म्हणतात, त्यांना तुम्हाला दुखवायचं नसतं. 'गेल्या आठवड्यात काय वाचलंत? दाखवा' असं विचारा. शिवाय गावात पुरावा आयताच पडलेला असतो. बचत गटाच्या रजिस्टरमध्ये अंगठे कोणत्या महिन्यापासून थांबले आणि सह्या सुरू झाल्या, पालकसभेच्या वहीत कोणाची सही आहे. त्यांची परवानगी घेऊन ती पानं बघा. पोरं शाळेत जास्त जाऊ लागली याचं श्रेय मात्र घाईने वर्गाला देऊ नका, त्याच वर्षी गावात नवे गुरुजी आलेले असू शकतात.

जे चाचणीला आलेच नाहीत त्यांचीही यादी करा. नाव नोंदवलेल्या ३० जणींपैकी १८ बसल्या आणि सगळ्या पास झाल्या, तर तो शंभर टक्के निकाल नाही. उरलेल्या १२ कुठे आहेत ते एकेकीपुढे लिहा: ऊसतोडीला, बाळंतपणाला, घरच्यांनी पाठवलं नाही, कंटाळली. शेवटचं कारण लिहायला आपल्याला जड जातं, म्हणून आवर्जून विचारा.

निकाल आला की पहिल्या दिवसाचा कागद आणि शेवटचा कागद दोन्ही तिच्या हातात द्या, तुमच्याकडे झेरॉक्स ठेवा. आणि सहा महिन्यांनंतरच्या फेरीची तारीख आत्ताच वहीच्या पहिल्या पानावर टाका. सराव नसला की वाचन पुसट होत जातं, आणि ते तेव्हाच कळतं. मार्चमधली चाचणी असेल तर ही फेरी सप्टेंबरात येईल. गणपती आणि सोयाबीनची काढणी यांच्या मधली एखादी दुपार धरा, नाहीतर घरी कोणी भेटायचं नाही.